गोंडा नसलेला हार

मधल्या मारुतीपाशी माझं दुकान, चार फळ्यांचं.
गुरुवारी दिवेलागणीला एक पोरगा आला.
अंगावर कोरं सूत, रंगाचा थेंब नाही,
पायांत काही नाही.
"पांढरा हार पाहिजे. चार हात लांब."
गोंडा लावू का? तर म्हणाला, "कशाला?"
हातातली सुई थांबली माझी.
बिनगोंड्याचा हार आम्ही एकाच कामाला ओवतो.
पण ओवला. निशिगंध, मधे मधे मरवा.
कोण गेलं, ते विचारलं नाही.
गिऱ्हाइकाचं दुःख विकत मागू नये, सासूबाई म्हणायच्या.

शुक्रवारी दुपारी बातमी आली:
बोरामणीच्या पुढं, कोऱ्या वस्तीत, नरसय्या चिप्पा गेले.
पहाटे खड्डामागात पालथे सापडले,
डोक्यामागं खोक.

ही वस्ती वीज घेत नाही.
कापड रंगवत नाही. लग्नात वाजवत नाही,
मयताला रडत नाही, आणि फूल तोडत नाही.
मग आदल्या संध्याकाळी हार कुणासाठी?

मीच गेले चौकीत. लई शहाणी मी.
फौजदार थोबड्यांना म्हटलं, असा असा पोरगा,
पांढरा हार नेला.
एवढंच. गोंड्याचं बोलले नाही;
धंद्यातली बारीक गोष्ट, खाकीला काय कळणार.
सांजेला अंबादास गड्डम आत.

रात्री फळी वाजली.
भूलक्ष्मी. विडी कारखान्यातली पोर,
बोटांना तंबाखूचा वास, डोळे कोरडे.
"मावशी, हार आमचा होता.
शनिवारी रजिस्टर करणार होतो."
एकच हार?
"पैसे तेवढेच होते. लांब सांगितला तो त्याचसाठी,
एकात दोघांच्या माना घालणार होतो.
त्यानं मागाच्या खड्ड्यात ठेवला, गारव्याला."

ज्यानं जन्मात फूल विकत घेतलं नाही
त्याला गोंडा काय ठाऊक!
रात्रभर झोप नाही.
माझ्याच सुईनं मी पोराला टोचलं होतं.

सकाळी पाटी घेतली, एसटी धरली.
वस्तीत माग बंद. ऐकू येत होतं ते फक्त
कोंबड्यांचं उकरणं.
सोसायटीचं वहीखातं बघणारे राजय्या
ओट्यावर बसले होते, धोतर झटकत.
बिनसाखरेचा चहा दिला. माणूस गोड बोलायचा.
"पोरगं वाईट निघालं, बाई.
आधीच मेल्याचा हार आणून ठेवला.
गोंडासुद्धा नव्हता त्याला."

मी चहा संपवला. कपाच्या तळाशी
चोथा होता, तोही बघत बसले थोडा वेळ.
हार कुणाला सापडला नव्हता.
गोंड्याचं मी देवापुढंही बोलले नव्हते.
म्हणजे त्या रात्री खड्ड्यापाशी
अंबादास सोडून आणखी कुणीतरी वाकलं होतं,
आणि त्याला शहरातल्या मयतांची सवय होती.

थोबडे आधी हसले. मग हसले नाहीत.
खळीच्या रांजणात काठी फिरवली,
तर माझा निशिगंध वर आला,
पेजेत लडबडलेला, कळ्या मिटल्या तशाच.
दोरा मी ओळखला. त्याच वस्तीचं टाकाऊ सूत,
किलोवर घेते मी, वर्षं झाली.
पुढं वही निघाली. सुताचे पैसे,
आणि अक्कलकोट रोडला राजय्यांच्या नावावर
बारा यंत्रमाग, दिवसरात्र खडखडणारे.
नरसय्यांना तो आवाज ऐकू आला होता, बस्स.

महिन्यानं अंबादास दुकानात आला. पायांत चप्पल.
वस्तीनं त्याला ठेवलं नाही. का, ते तो बोलला नाही.
"दोन हार द्या," म्हणाला.
मग जरा थांबून,
"आणि ते खालचं... ते काय असतं, तेही लावा."

मी लावलं. लाल शेवंतीचं, मुठीएवढं.
पैसे घेतले नाहीत असं मी सांगत फिरते.
खरं तर निम्मे घेतले.