परिच्छेद चौदा

डेव्हिडसन गावात पाहण्यासारखं फारसं नाही.
धान्याची कोठारं, हायवेकाठी
दुमजली उंचीची एक पत्र्याची किटली,
आणि आमचा पंप.
पण रेजायना इथून एकशेदहा किलोमीटर,
सास्काटूनही तेवढंच, थोडं इकडेतिकडे,
म्हणून न्यायाधीशबाईंचं नकाशावरचं बोट
नेमकं माझ्या गल्ल्यासमोर थांबलं.

एकाआड एक शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच.
परिच्छेद चौदा. मला पाठ झालाय,
कारण ओरेस्तने एकदा तो काउंटरवर पसरून
ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवला होता:
'हस्तांतरण पंपाच्या उजेडातील भागात होईल.'
हस्तांतरण म्हणजे नेसा.
वय साडेसहा. पाठीवर सशाचं दप्तर,
त्याचा एक कान कधीचाच तुटलेला.

पूर्वी याला ताबा म्हणत.
घराचा घेतात, जमिनीचा घेतात, तसा.
माझा गेला ब्याऐंशी साली, अकरा मिनिटांत;
वकिलाला माझं आडनावही धड म्हणता आलं नाही.
आता तो शब्दच कायद्यातून काढलाय म्हणे.
आता म्हणायचं, पालकांचा वेळ.
बरं झालं.
वेळ काय, सगळ्यांचाच जातो.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी वारा आडवा सुटला.
मार्गो दक्षिणेकडून पाचलाच पोचली,
ओरेस्त उत्तरेकडून पावणेसहाला,
आणि सहाला हायवे दोन्ही बाजूंनी बंद.
दोघं आपापल्या गाडीत, इंजिन चालू ठेवून.
मी काचा ठोठावल्या. म्हटलं,
गुदमरून मरायचं असेल तर पुढच्या पंपावर जा.
मग आली आत.
ती चिप्सच्या मांडणीपाशी, तो ऑइलच्या डब्यांपाशी,
आणि मधल्या फरशीवरून कुजबुजत सुरू:
आजची रात्र कोणाच्या खात्यात?
ती म्हणे, मुलगी मी अजून दिलेली नाही.
तो म्हणे, साडेपाच केव्हाच वाजून गेले.
दाताच्या कण्या करून मिळवलेला शुक्रवार
तो असा कसा सोडेल?
आणि तिने तरी का सोडावा?
मी कोणाची बाजू घेत नाही.
घेते, पण दर खेपेला बदलते.

नेसा कागदी पेल्यातून सूप पीत होती.
एकदम थांबली. तळहातावर काहीतरी काढलं.
तांदळाच्या दाण्याएवढा दात,
बुडाशी लाल.
'हा कुठल्या उशीखाली ठेवायचा?'

चौतीस पानी निकाल आहे तो.
नाताळ सम साली कोणाचा, विषम साली कोणाचा,
पासपोर्ट कोणी सांभाळायचा,
पोहण्याच्या क्लासचे पैसे किती टक्के,
फोन किती वाजेपर्यंत.
दात नाहीत त्यात.
दोघंही गप्प झाली. वारा तेवढा बोलत होता.

मग तिने मला विचारलं,
'आज मी कोणाकडे आहे?'
मी म्हटलं, आज रस्ता बंद आहे.
तिला ते पटलं.
रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या गोण्यांवर
माझा कोट अंथरून झोपली, तोंड उघडं टाकून.
ती दोघं जागीच होती. तीनच्या सुमाराला पाहिलं,
तो तिला कॉफीत दोन साखरा घालून देत होता,
न विचारता.
त्याचा अर्थ मी काही लावला नाही. तुम्हीही लावू नका.

सकाळी बर्फ ढकलणारं यंत्र आधी उत्तरेकडून आलं,
म्हणून नेसा उत्तरेला गेली.
कोणी वाद घातला नाही. डोळे तांबारले होते सगळ्यांचे.

मार्चमध्ये निकालात दुरुस्ती झाली.
चौदा (ख): रस्ता बंद झाल्यास
मूल ज्याच्याकडे असेल त्याच्याचकडे राहील.
दोन वकील, एक सुनावणी, पाच ओळी.

दात माझ्या गल्ल्यात आहे,
चलनातून गेलेल्या एक सेंटच्या नाण्यांच्या खणात.
तिनेच दिला. म्हणाली,
इथेच ठेव. इथे मी दर वेळी येते.

परवा दुसरा हलत होता.
आईचा हात धरूनच तिने तो मला
जिभेने ढकलून दाखवला,
आणि पटकन तोंड मिटलं.