बारा बाय अठरा

पोरगं नवीन होतं, गळ्यात ओळखपत्र.
पापाच्या तिकटीला दोनदा रस्ता चुकलं म्हणालं.
पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला,
"काकू, बारा बाय अठरा. काळी पट्टी.
काच नको, लाइट मारतो.
चंदनाचा हार असला तर द्या, खोटा चालेल."

आमचं मशीन जुनं.
फोटो वरून खाली उतरतो, ओळ ओळ.
आधी भांग, मग कपाळ,
कपाळावर तालमीतला वण,
मेकअपवाले रोज बुजवायचे तो.
भुवयांपर्यंत मला कळलं होतं.
तरी पूर्ण उघडू दिला.

"कोण गेलं?"
"सासरेबुवा, मालिकेतले. सोमवारी अटॅक दाखवणार.
त्यांचं शूट संपून तीन आठवडे झाले,
वरून फोन आला होता."

मी डबे मोजले. रविवार सोडून अठरा.
दोन भाकरी, मेथी, कागदात खर्डा.
मोरेवाडीच्या चढाला गाडी तापते
म्हणून सातालाच निघायचे हे.
संध्याकाळी आले की कानामागं
रंगाचा एक पट्टा राहिलेला असायचा,
मी ओल्या पदरानं पुसायचे.
म्हणजे रंग हे स्वतःच लावत होते.
कुठं?
रंकाळ्याच्या कठड्याशी, गाडीच्या आरशात?

सासरे, म्हणजे माझे खरे,
याच काउंटरवर बसून म्हातारे झाले.
म्हणायचे, सर्जेराव, देवाच्या फ्रेमा कर,
देवाला कुणी मालिकेतून काढत नाही.
हे हसायचे. तेव्हा हवालदार होते, दोन वाक्यांचे.
ती दोन वाक्यं ऐकायला
अख्खी गल्ली आमच्या टीव्हीसमोर,
आणि चहाला दूध कमी पडलं म्हणून
मी गंगावेशीला कासंडी घेऊन पळाले,
परत आले तोवर वाक्यं होऊन गेलेली.

फोटो आमच्याच घरातला.
शिवांजलीच्या बारशाचा.
ह्यांनीच दिला असणार, हसरा मागितला म्हणून.
खांद्यावर एक हात आहे, हिरव्या बांगड्यांचा.

"तेवढा हात काढा काकू.
मालिकेतली सासू आधीच वारलीय."

हात काढायला वीस मिनिटं लागतात.
सदऱ्याचा रंग शेजारून उचलायचा
आणि बोटांवर सारवत जायचं.
करंगळी गेली.
अंगठी गेली, ती तशीही फीमध्ये गेली होती,
शिवांजलीच्या पहिल्या वर्षाच्या.
पोरगं मोबाईलवर कुणाला तरी सांगत होतं,
होतंय, होतंय, बाई बरी आहे कामाला.

साडेसहाशे. हाराचे वेगळे.
"बिल द्या काकू, चेक येईल नव्वद दिवसांत."
मी म्हटलं, तुमचे नव्वद दिवस
मला पाठ आहेत रे बाळा. रोख.

त्या रात्री हे आले, पिशवी खुंटीला लावली,
"आज सीन लांबला," म्हणाले.
कानामागं पट्टा होता.
मी पदर ओला केला.
जरा जास्तच वेळ पुसत राहिले असेन,
"निघत नाही का?" म्हणाले.
"निघतोय," मी म्हटलं. "आजचा पक्का आहे."
सकाळी एकोणिसावा डबा भरला.
भाकरी तीन घातल्या,
रिकामं बसून भूक जास्त लागते माणसाला.

सोमवारी सून भिंतीपुढं रडली.
मी सदऱ्याच्या शिवणीशी
नखाएवढी हिरवी बांगडी राहू दिली होती,
ती शोधत होते,
तर कॅमेरा सुनेच्या नथीवर गेला.
शिवांजली उठली, आवाज बारीक केला,
कुणाकडंच बघितलं नाही तिनं.
हे आत जेवत होते, दारातनं टीव्ही दिसतो.
घास हातात तसाच.
"पट्टी आपल्याकडची दिसतीय," म्हणाले.

"आपल्याकडचीच," मी म्हटलं.
"काच तेवढी लावली नाही."