शिवेपुरता

मूळ मालिकेत तो फक्त तीन चौकटींत होता.
सतरावा अंक, पान बावीस :
विजेच्या मुठीचा आमचा नायक जुवें बेटावरून उडत जातो
आणि खाली खाजनाच्या बांधावर
दिवटी धरलेला कुणीतरी मान वर करून बघतो.
मी त्याला एकच शब्द दिला होता : ‘सावकाश.’

केंकरेशेटना पत्रं आली, हा कोण?
शेट म्हणाले, लढाईचे दिवस घ्या, त्रेचाळीस साल,
चार अंक काढा त्याच्या एकट्याचे.
खपले तर पाचवा.

इनास चित्रं काढायचा, मी अक्षरं.
म्हापशात, बेकरीच्या माडीवर,
कोऱ्या कागदालाही पावाचा वास.
इनासची आई चहा ठेवताना वाकून बघायची :
वहाणा झिजलेल्या काढ रे,
रोज रात्री गावभर फिरतो तो.
देवळाचा असो की इगर्जीचा, राखणदार एकच.

घोंगडी, घुंगुरकाठी, ओठांत विडी.
छातीवर चिन्ह नाही.
आणि शिवेच्या दगडापलीकडे
त्याचं काही चालत नाही.

‘मग लढणार कसा?’ शेट म्हणाले.
‘लढाई तर समुद्रात.’

पहिल्या अंकात तो मानशीचं दार उघडतो,
भरतीचं पाणी काठीनं मोजतो,
पिऊन शेतात पडलेल्या पोस्टमनला
खांद्यावर टाकून घरी नेतो.
‘धडाम’ लिहायला मला जागाच मिळाली नाही.

दुसऱ्यात अमावास्या.
ओहोटीच्या उलट एक होडी येते, वल्ह्यांशिवाय.
आत पाच तारवटी,
कुठल्याशा थंड पाण्यात पाणबुडीनं फोडलेल्या
बोटीच्या भट्टीवरचे.
इनासनं सगळी रात्र काळी भरली, शाईची दीड बाटली,
आणि त्यांना तेवढं कोरं सोडलं.
बुडालेल्या माणसाला घराची वाट आठवत नाही.
तो दिवटी पुढे करतो.
एकेकाला दारापर्यंत.
उंबरा ओलांडायचा नसतो, हे तो सांगत नाही, त्यांना कळतं.
घरात तार अजून आलेली नाही.
लॉरेन्स नावाचा एकजण खिडकीतून
कधीच न पाहिलेल्या मुलीची बोटं मोजतो,
दोनदा.

तिसऱ्या अंकाच्या शेवटच्या पानावर
होडीत आणखी एक निघाला. सर्वांत मागे.
पिवळे केस, पाणबुडीवरची टोपी.
त्यालाही पाण्यानंच आणलं होतं.
त्याची भाषा मला येत नव्हती,
फुग्यात नुसत्या आडव्या रेघा मारल्या.

आठ दिवस इनास आणि मी बोललो नाही.
शेटना इथं मारामारी हवी होती.
मला सूड हवा होता, खोटं कशाला सांगू,
माझ्या आजीचा भाऊ तसल्याच एका बोटीवर होता.
इनास पेन्सिल तासत बसायचा.

मग त्यानं चौथा अंक एकटाच काढला :
देवचार त्या पोराला घेऊन बांधानं चालतोय,
दिवटी, चिखल, खेकड्यांची बिळं,
सोळा पानं नुसतं चालणं.
शिवेचा दगड.
दोघं उभे.
पोरगा अनवाणी आहे हे तिथं पहिल्यांदा दिसतं.
देवचार वाकतो
आणि पायांतल्या वहाणा काढून त्याला देतो.

वर एक फुगा सोडला होता, माझ्यासाठी.
मी बोरू बुडवला, वाळू दिला, पुन्हा बुडवला.

पाचवा अंक निघाला नाही.
उरलेल्या गठ्ठ्यांत खालचा बेकरीवाला
महिनाभर पाव बांधून देत होता.

परवा जुव्याला गेलो होतो, कामाला.
शिवेच्या दगडाशी वहाणांचा जोड होता,
कोरा, भलताच मोठा.
कुणी ठेवला, विचारलं नाही.
शेजारी विडीही होती.
दवानं भिजलेली.