आधी दाखवायचं

फैजपूरच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये आमचा प्लॅटफॉर्म.
कोपऱ्यात अजून सरकीचा वास,
मे महिन्यात पत्र्याखाली लोखंडाला हात लावता येत नाही,
म्हणून लोटन सर बार ओल्या गोणपाटात ठेवतात.

त्या दिवशी एक्काहत्तर किलो.
डोक्यावर गेलं होतं, पायही रोवले होते,
आणि उजवं कोपर भलतीकडेच वाकलं.
आवाज फार मोठा नव्हता,
वाळल्या केळीच्या पानाचा देठ मोडावा, तेवढा.
बार मागे पडला.
मी हाताकडे पाहिलं,
तो दुसरीकडेच तोंड करून बसला होता.

बाबा म्हणाले, अट्रावलच्या हाडवैद्याकडे.
सर म्हणाले, भुसावळ.
फटफटीवर दोघांच्या मध्ये मी,
भुसावळच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मोजत.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं.
फिजिओबाईंनी पट्टी लावून हात मोजला:
एकशे बहात्तर.
"आठ अंश राहिले," त्या म्हणाल्या, "ते आता राहतीलच."
नववीत भूमितीला मी नापास.
आता कोन घेऊनच फिरते.

जिनिंगमध्ये माझं कुणाला नवल नाही.
सुपडू शिंकायच्या आधी भिंत धरतो.
हीना पिंजारीच्या गळ्याखालच्या हाडावर
बार टेकून टेकून काळी गाठ झाली आहे,
तिची आजी दर अमावस्येला त्या गाठीवरून मीठ-मिरच्या उतरवते.
गुडघे तर सगळ्यांचेच बोलतात,
कुणी उठलं की कळतं कोण उठलं.

आषाढात रावेरहून पाहुणे आले. तिघं.
आई म्हणाली,
"लांब बाह्या घाल. कोपराचं सांगजो नको, माय.
कोन इचारतंय?"
खरंच, कुणी विचारलं नाही.
"ते वजनाचं आता बंद ना?" एवढंच विचारलं,
आणि माझ्या आधी आई हो म्हणाली.
बाबा पंख्याकडे बघत होते.
चहाचा ट्रे धरला की
सगळ्यांचंच कोपर वाकलेलं असतं.

नोव्हेंबरात धुळ्याला स्पर्धा.
नियम असा की
ज्याचं कोपर पुरतं सरळ होत नाही
त्यानं स्पर्धेच्या आधी पंचांना जाऊन दाखवायचं.
नाही दाखवलं तर
वजन वर जाऊनही दिवे लाल,
आणि मागाहून सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

पंचही तिघंच होते, खुर्च्यांवर.
मी बाही वर केली, हात लांब केला
जेवढा होतो तेवढा.
चष्मेवाल्या बाईंनी अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिलं.
"कधीचं?"
"मे महिन्यातलं."
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं,
दुसऱ्यानं मान हलवली,
तिसरा पाण्याची बाटली उघडत होता.
झालं.
एवढंच असतं ते.
बाही खाली करायची मला आठवणच राहिली नाही.

पहिलं वजन पन्नास मागितलं.
ताकदीला ते काहीच नव्हतं, भीतीला पुरेसं होतं.
खडू लावताना हात थरथरला,
कुठला ते सांगत नाही.

किती उचललं, दिवे कुठले लागले,
आई रात्रीपासून विचारते आहे.
सांगेन.
आधी रावेरला फोन करायचाय.