वजन

शोरूममध्ये आरसा आला त्या दिवशी
मला मागच्या खोलीतून बोलावलं.
मालकांची सून ऋजुता म्हणाली, मोनप्पा, उभे राहा की समोर.
उभा राहिलो. मळका बनियन, कानामागे चिमटा,
आणि गळ्यात एकाएकी सव्वीस तोळ्यांचा पोहेहार.
मान वळवली तर तोही वळला,
जरा उशिरा,
नव्या सुनेसारखा, विचारून विचारून.
सगळे हसले. मीही हसलो.
चाळीस वर्षं हार घडवले, घातला तो पहिला.

सात रस्त्याला आता आमची काच लांबून चकाकते.
बायका येतात, ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी
बोटानं सरकवतात, नको ती पुसून टाकतात.
लेक पुण्याहून फोनवर, आई इथं आरशापुढं,
एकच तन्मणी दोघींच्या गळ्यात, एकाच वेळी.
माझं काम त्यानंतरचं.
यंत्रातून निळ्या मेणाचा साचा येतो, केसाएवढ्या रेघांचा, निर्दोष.
मी ओततो, डाख लावतो, घासतो, उजळतो.
सोनं कुठं रुसतं ते यंत्राला माहीत नाही.
ते मी कुणाला सांगितलेलंही नाही.

गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात
नरसव्वा बोद्धूल आली.
राहू द्या मावशी, वॉचमन म्हणाला,
तरी चपला बाहेरच काढल्या तिनं.
नखं तंबाखूनं पिवळी. पिशवीत लग्नाचा फोटो,
कडेला वाळवीनं नक्षी काढलेला.
"ह्यातले पुस्तेलु. मिल बंद पडली त्या साली मोडले.
तसेच पाहिजेत. बघायला तरी."

मशीननं गळ्यापाशीचा धूसर ठिपका मोठा केला,
कडा शोधल्या, न दिसलेलं ठरवून टाकलं,
मधलं पोवळं लाल केलं
(फोटो काळापांढरा; तिनं हो म्हटलं)
आणि सोन्याच्या दोन वाट्या तरंगत तिच्या गळ्यात आल्या.
ती बघत राहिली.
मग पिशवी उचलायला वाकली
तसा डावा हात आपसूक छातीशी गेला,
लोंबू नये म्हणून धरायला,
मांडीवरल्या सुपात, तंबाखूत पडू नये म्हणून
जसा जायचा रोज.
आरशात तिची बोटं सोन्यातून आरपार गेली.
ह्या वेळी कुणी हसलं नाही.

"किती ग्रॅमचे होते?" ऋजुतानं विचारलं.
रकाना रिकामा, मशीन पुढं जाईना.
"आकडा कुठला माहीत? हाताला माहीत आहे."

मी वडलांची पितळी डबी आणली. झाकण अडकतं, दातानं उघडली.
तिनं डोळे मिटून तळवा पुढं केला.
मासे ठेवत गेलो, मग गुंज, गुंज.
कमी. कमी. इंका.
थांब.
काट्यावर सहा ग्रॅम दोनशे मिली.
पुन्हा केलं. सहा दोनशे.
तिसऱ्यांदा एक गुंज चुकली.
घाम आला, म्हणाली, आणि तळवा पदराला पुसला.

किंमत ऋजुतानं सांगितली नाही,
ती आपोआप आली, खाली, हिरव्या आकड्यांत.
नरसव्वाला आकडे वाचता येतात,
हजार विड्यांचा हिशेब तिचा तीच ठेवते.
"तांब्यात करा," म्हणाली. "वरून नुसता मुलामा."

मी सांगितलं, मावशी, तांबं हलकं.
आकार राखला तर वजन निम्मं भरेल,
वजन राखलं तर वाट्या दुप्पट जाड. ओबडधोबड दिसतील.

फोटो पिशवीत घालता घालता ती म्हणाली,
"वजन राखा.
दिसायचं काय, ते फोटोत आहे की."

ऋजुतानं जाडी वाढवली.
पडद्यावर लाल चौकट आली: नक्षी मूळ चित्राशी जुळत नाही, पुढे जायचं?
तिनं माझ्याकडं बघितलं.
मी डबीचं झाकण लावत होतो, ते लागत नव्हतं.