मागचं पोर्ट

लॅपटॉप घेताना शाणूबाबनी विचारलं होतं,
कार्ड चार जीबीचं की आठचं?
आणि मी तोंड उघडायच्या आत
स्वतःच म्हणाले, चारचं.
फरकाच्या पैशात गंजरोधक रंगाचे डबे येतात.

वजनात सूट मिळाली नाही.
तीन किलो, वर चार्जर म्हणजे चिऱ्याचा तुकडा.
रोज सकाळी दुर्भाटला फेरीबोटीत चढते,
रासयला उतरते,
खांद्यावर पट्ट्याचा वळ घेऊन.

त्याच्या पोटात दोघं राहतात.
एक प्रोसेसरच्याच खोलीत, पोटभाडेकरू.
खातो कमी, आवाज नाही,
बिलं, पत्रं, मजुरीचे तक्ते त्याच्याकडे.
दुसरा वेगळ्या चुलीचा, स्वतःची मेमरी बाळगणारा.
तो उठला की पंखे उठतात,
मांडी भाजते,
पाच तासांची बॅटरी दीड तासात तळ गाठते.
पण बार्जचा तळ फिरवून दाखवायचा तर तोच लागतो:
साठ मीटर पोलाद
बोटाच्या एका ढकलीवर कुशीवर वळतं.

सोमवारी कुडचड्याहून खांडेपारकर आले.
त्यांची बार्ज धक्क्यावर, वर्षानुवर्षांच्या खनिजाने लाल झालेली.
आता तिच्यातून पाणी वाहायचं, असा त्यांचा बेत.
मी मोठा मॉनिटर लावला. काळा.
केबल काढली, फुंकली, लावली. काळा.
'सिग्नल नाही' ही पाटी
काचेवर माशीसारखी हिंडत राहिली.

मडगावच्या कायतानला फोन केला.
तो जेवत होता.
'मागचं पोर्ट थेट व्हडल्या कार्डाक जोडलां, बाय.
धाकट्याचा हात थंय पावना.
तुवें व्हडल्याक न्हिदयला.'

खरं होतं. फेरीबोटीत,
बॅटरी वाचवायची म्हणून,
मीच त्याला पुरतं निजवलं होतं.

पोर्ट म्हणजे डावी बाजू ना?
जानू वेळीपने दारातून विचारलं, वेल्डिंगची काच कपाळावर.
पोर्ट म्हणजे मुरगांव, खांडेपारकर म्हणाले.
कोणीच चुकत नव्हतं.
पडदा काळाच होता.

बंद केला, चालू केला,
कळ दाबत राहिले, दाराची कडी वाजवावी तशी,
तेव्हा ते राखाडी पान उघडलं.
फक्त धाकटा. फक्त मोठा. दोघं मिळून.
दोघं मिळून, असं निवडलं.

मग ते दोन सेकंद,
चित्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातानाचे.
काळ्या काचेत माझा चेहरा,
खांडेपारकरांच्या शर्टाचं ताणलेलं बटण,
त्यांच्या मागे खिडकी, खिडकीत जुवारी,
आणि शिंपल्या काढायला कमरेइतक्या पाण्यात उभी बाई.
सगळं इतकं स्वच्छ,
की पडदा पेटला तेव्हा क्षणभर वाईट वाटलं.

बार्ज आली.
मोजलेल्या जाडीप्रमाणे रंग भरलेली:
हिरवा म्हणजे पत्रा शाबूत, पिवळा म्हणजे बघू,
लाल म्हणजे बोटाने टोचलं तर आत जाईल.
मी ती उलटी केली.
पोटाखाली सगळं लाल.

किती पत्रा बदलावा लागेल?
आकडा सांगितला.
त्यांनी पुन्हा फिरवायला लावली,
दुसऱ्या बाजूने काही वेगळं दिसेल म्हणून.
त्या कार्डाने एकदाही अडखळ घेतली नाही.
चार जीबी भरपूर होते,
एवढं दाखवायला.

चहा अर्धा ठेवून ते उठले.
उद्या कळवतो म्हणाले.
शाणूबाब त्यांच्या गाडीपर्यंत गेले
आणि परत येताना कचेरीत शिरले नाहीत.

मी मागची केबल काढली,
मोठ्याला निजवलं,
मजुरीचा तक्ता उघडला. जानूचं नाव सातवं.
पंखे हळू झाले, मग थांबले,
तेव्हा लक्षात आलं:
धक्क्यावरचा हातोडा
कधीचाच थांबला होता.