शून्य अंश

चौथ्या दिवशी त्सियाला आली.
पिशवीत टॉवेल, कोन मोजायची पट्टी आणि सूर्यफुलाच्या बिया.
टॉवेलची गुंडाळी माझ्या टाचेखाली सरकवून म्हणाली,
गुडघा खाली दाब.
एवढंच.

दाबला.
म्हणजे इकडून निरोप धाडला,
तिकडे कुणी दार उघडलं नाही.
मांडी पडून राहिली तशीच,
परातीत विसरलेल्या कणकेसारखी.

ह्याच मांडीनं मला कुताइसीच्या रंगमंचावर
हवेत फिरवून
दोन्ही गुडघ्यांवर उतरवलंय, वीस वर्षं.
जग हरलं की गुडघे टेकतं.
आम्ही टेकले की टाळ्या पडायच्या.
आणि तुटलं ते रंगमंचावर नाहीच,
तालमीच्या खोलीत, फेब्रुवारीत,
पोरांना दाखवताना, ओल्या फळीवर.
आतून आवाज आला.
ढोलवाल्याचा हात थांबायच्या आधी
मला कळलं होतं.

आता मांडीमागची शीर काढून
दुहेरी वळून
हाडातल्या बोगद्यात ओवली आहे.
माझंच मला उसनं.
वरून पट्ट्यापट्ट्यांचा काळा ब्रेस,
गुडघ्याला बांधलेलं बाशिंग,
आणि नवरा मुलगा पलंगावर उताणा.
मे महिन्यात बातुमीचा दौरा आहे, मी म्हणालो.
त्सियालानं बी फोडली.
आधी सरळ कर, म्हणाली, वाकवायची घाई सगळ्यांनाच असते.

सात अंश कमी.
सात अंश म्हणजे गुडघ्याखालून
आगपेटी जाईल एवढी फट.
त्या फटीसाठी मी पालथा पडून
पाय पलंगाबाहेर लोंबता सोडतो,
दहा मिनिटं,
उशीत दात रोवून.
मग टाचेला प्लास्टिकची पिशवी बांधून
आईच्या पीठ लाटायच्या फळीवर टाच सरकवतो,
पुढे, मागे,
फळीवर अजून पीठ आहे, पिशवी पांढरी होते.
मग वाटी.
त्सियाला दोन अंगठ्यांनी गुडघ्याची वाटी हलवते,
डावीकडे, उजवीकडे,
जणू टेबलावरचा कप कुणाला तरी सरकवून देतेय.
मला नको होता, पण घ्यावा लागतो.

बर्फ संपला की आई, लामारा तिचं नाव,
फ्रीझरमधली खिंकाली आणून ठेवते,
कळ्या पाडलेली, दगडासारखी, फडक्यात बांधून.
वीस मिनिटं.
मग ती परत आत, उद्यासाठी.

रात्री पाय माझ्या आधी झोपतो
आणि माझ्या आधी जागा होतो.
अंधारात मी त्याला हाक मारत राहतो.
दाब. दाब ना.

नवव्या दिवशी रेझो आला, वर्गातला सगळ्यात लहान,
ज्याला दाखवताना मी पडलो तो.
दारात उभा, जोडे काढावेत की नाही अशा विचारात.
कुणीतरी त्याला सांगितलं असावं की चूक त्याची.
त्सियालानं त्याच्या हातात माझी कुबडी दिली:
वाजव, आणि सहापर्यंत मोज.
तो वाजवू लागला, लाकडावर बोटांनी,
आधी हळू, मग आमचाच ताल.
तिनं माझी बोटं धरून मांडीवर ठेवली,
वाटीच्या वर, आतल्या बाजूला.
चार म्हणताना
कातडीखाली काहीतरी गोळा झालं,
आणि सुटलं.
परत, ती म्हणाली.
रेझोनं वाजवायचं थांबवलंच नव्हतं.

जाताना तिनं वहीत लिहिलं: चार अंश.
आणि दारातून सांगितलं:
सहाव्या आठवड्यात तुला वाटेल, बरा झालो.
नेमका तेव्हा हा नवा धागा सगळ्यात कच्चा असतो.
तेव्हा नाचलास तर मी येणार नाही.

रात्री आईनं ती खिंकाली उकडली.
माझ्या गुडघ्यावर बसून बसून
दोन फुटली, रस पाण्यात गेला.
रेझोनं अकरा खाल्ली.
मी समोरच्या स्टुलावर पाय लांब करून
चादरीखाली गुडघा दाबत होतो,
सहापर्यंत.
सोडला.
परत सहा.
आई म्हणाली, गार होतंय, जेव.